कागद कुठे असतो?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्यापैकी प्रत्येकाने घरी ऐकलेलं असतं. माझ्या आजोबांचं तर ते अत्यंत आवडतं वाक्य. पोलीस स्टेशनची पायरीही ते त्यातच धरायचे. पण गंमत अशी की आपण पायरी चढलो नाही तरी कधी कधी पायरीच चालत आपल्या घरी येते. मग शहाणपण बाजूला राहतं आणि ‘कागद कुठे असतो?’ एवढा एकच प्रश्न उरतो.

आपल्या अंकाच्या मराठी विभागात पाऊस, मैत्री, आई आणि सबमिशन असे चार विषय ठरलेले आहेत. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मीही पावसावरच लिहिणार होतो. पण आपल्या हॉस्टेलमधली निम्म्याहून जास्त पोरं तालुक्याच्या गावांतून आणि वाड्यावस्त्यांवरून आलेली. ‘तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग हे कागदपत्रांचं तूच बघ’ हे वाक्य आज ना उद्या प्रत्येकाच्या वाट्याला येणार. मला ते पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरलाच ऐकायला मिळालं. म्हणून पाऊस पुढच्या वर्षी.

आमचं गाव बालाघाटच्या डोंगररांगेत. तालुका बावीस किलोमीटर, जिल्हा त्याहून लांब आणि हे कॉलेज तर जिल्ह्याच्याही पलीकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, आठवडी बाजारातून मोटारसायकलवर घरी येत होते. दिवस मावळत होता. समोरून आलेल्या पिकअपची धडक बसली. ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही. लिहायचं आहे ते पुढच्या पाच महिन्यांबद्दल.

तेरावा झाला आणि गावात दोन गोष्टी फिरायला लागल्या. एक, नाना चुकीच्या बाजूने चालले होते. दोन, नानांनी ‘घेतली’ होती. कोण म्हणालं ते कळत नव्हतं. ‘लोक म्हणतात’ एवढंच. काकू कुणाशी भांडली नाही. एकदा चुलीपुढे बसून मला एवढंच म्हणाली, “लेकरा, सरकारी कागदात काय लिवलंय ते बगशील का? लोकाचं जाऊ दे.”

दुसरीकडे तालुक्याच्या वकीलसाहेबांनी यादी दिली होती. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर एफ.आय.आर., घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, पिकअपचं आर.सी. बुक, विमा पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्यांच्या प्रती हव्यात. शिवाय मुदत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यातला हा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि तेव्हापासून असा दावा अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. (या मुदतीला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण कोर्टात काय होईल याच्या भरवशावर कुणी बसू नये.) म्हणजे आमच्याकडे ऑगस्टपर्यंतचा वेळ होता. दोन चुलतभाऊ, एक अकरावीला आणि एक आठवीला. दोन एकर कोरडवाहू जमीन. तेव्हा यादीतला प्रत्येक कागद म्हणजे नुसता कागद नव्हता.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा वडील सोबत होते. वडिलांची पद्धत जुनी. ते गावातल्या एका पुढाऱ्याची ओळख घेऊन आले होते. ठाणे अंमलदारांनी ओळख ऐकून घेतली, मान हलवली आणि विचारलं, “गुन्हा रजिस्टर नंबर काय?”

आम्हाला माहीत नव्हता.

“फिर्यादी कोण? तुम्ही आहात?”

आम्ही नव्हतो. फिर्याद एका हवालदारांनीच सरकारतर्फे दिलेली होती.

“मग एफ.आय.आर.ची कॉपी फिर्यादीला मिळते. तुम्ही साहेब आल्यावर या.”

साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या वेळी साहेब कोर्टात होते. तिसऱ्या वेळी ‘कागद तपासी अंमलदारांकडे आहेत’ आणि तपासी अंमलदार रजेवर. कुणीही आम्हाला अपमानाने वागवलं नाही, हे सांगायला हवं. एकाने चहासुद्धा पाजला. पण चहा पिऊन आम्ही रिकाम्या हाताने एस.टी. पकडायचो.

आता थोडा कायदा. व्हायवाइतका कंटाळवाणा नाही, वाचा! अंमलदार म्हणाले ते त्या वेळच्या कायद्याला धरूनच होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ प्रमाणे एफ.आय.आर.ची मोफत प्रत खबर देणाऱ्याला मिळायची. ज्याचं माणूस गेलं त्याचा उल्लेख तिथे नव्हता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्ये ‘खबर देणारा किंवा पीडित’ असे शब्द आहेत आणि पीडित या व्याख्येत कायदेशीर वारसही येतात. म्हणजे आज काकूसारखी बाई ठाण्यात गेली तर मोफत प्रत हा तिचा हक्क आहे. तेव्हा तो असा स्पष्ट लिहिलेला नव्हता.

पण एक दार उघडं होतं आणि ते आमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये सापडलं. माझा रूम पार्टनर कॉम्प्युटर ब्रँचचा. रात्री मेसवरून आल्यावर मी त्याला सगळं सांगत होतो. तो म्हणाला, “अरे, एफ.आय.आर. तर पोलिसांच्या साइटवर असते!” खरंच होतं. ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की एफ.आय.आर. नोंदल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावी. दुर्गम भागात फार तर ७२ तास. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे नाजूक गुन्हे वगळून. १५ नोव्हेंबर २०१६ पासून हे देशभर लागू आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा निवडा, ठाणं निवडा, तारखा टाका, ती वेडीवाकडी अक्षरं ओळखा आणि यादी समोर! तीन हेलपाट्यांत जो नंबर मिळाला नव्हता तो मॅगी शिजेपर्यंत मिळाला.

एफ.आय.आर. पहिल्यांदाच वाचत होतो. मराठीत होती, पण वेगळ्याच मराठीत. ‘मजकूर फिर्यादी’, ‘वर नमूद ता. वेळी व ठिकाणी’, ‘हयगयीने व निष्काळजीपणाने’. पूर्ण मजकूर म्हणजे एकच वाक्य, पूर्णविराम शेवटी. पण रकाने मात्र एकदम व्यवस्थित. घटना कधी घडली, ठाण्यात खबर कधी मिळाली, स्टेशन डायरीतली नोंद कितवी, जागा ठाण्यापासून कुठल्या दिशेला किती अंतरावर. आरोपीच्या रकान्यात पिकअपच्या चालकाचं नाव. कलमं भा.दं.वि. २७९ आणि ३०४-अ. गावातल्या गप्पांच्या बरोबर उलट!

तरी एफ.आय.आर. म्हणजे निकाल नव्हे. ती फक्त ‘पहिली खबर’. पण तिच्या डोक्यावर जो गु.र.नं. असतो ती खरी चावी. पुढे जिथे जिथे गेलो तिथे आधी तोच विचारला गेला. चौथ्यांदा ठाण्यात गेलो ते एकटाच, कुणाचीही ओळख न घेता. अंमलदारांना म्हटलं, “गु.र.नं. अमुक बटा २०२४, कलम ३०४-अ. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत हवी आहे.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “बसा.” चारही वेळांत ‘बसा’ पहिल्यांदाच!

बसलो खरा, पण पंचनामा मिळाला नाही. ‘तपास चालू आहे. कोर्टात चार्जशीट गेल्यावर तिकडे मिळेल.’ चार्जशीट कधी जाईल? ‘जाईल.’

इथे मला उपयोगी पडले ते आपल्या कॉलेज ऑफिसमधले एक काका. (नाव छापू नको म्हणाले आहेत. बोनाफाईड घ्यायला गेलेल्या सगळ्यांना ते ओळखता येतील.) मी रजेचा अर्ज घेऊन गेलो होतो. पाच दिवसांचा आठवडा असल्याने शनिवारी सरकारी कार्यालयं बंद, रविवारी बंद, म्हणजे प्रत्येक कामाला सोमवार जाणारच. आणि अटेंडन्सचं आपल्याकडे काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “तू तोंडाने मागतोयस. ऑफिसात तोंडाने मागितलेलं कुणी मागितलेलंच नसतं. लेखी दे, दोन प्रती कर, एकीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घे. त्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज नाही.” चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये नसलेला हा धडा दोन मिनिटांत झाला. एच.ओ.डी. सरांनीही कारण वाचून रजेवर सही केली, एक शब्द न बोलता.

मग माहितीचा अधिकार. हा केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्याआधीही महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता आणि त्यासाठी अण्णा हजारेंना उपोषणं करावी लागली होती. आपल्या राज्यात अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’. वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, असा राज्याचा २०१२ पासूनचा नियम. माहिती कशाला हवी याचं कारण अर्जदाराला विचारता येत नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. प्रती दोन रुपये पान.

अर्ज लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा. ‘तपासाला उशीर का होत आहे?’ हा प्रश्न झाला. त्याला उत्तर मिळत नाही, कारण या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेला रेकॉर्ड. मी एवढंच लिहिलं: ‘गु.र.नं. अमुक/२०२४ मधील घटनास्थळ पंचनामा (नकाशासह) व मरणोत्तर पंचनामा यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ दोन ओळी! एरवी दहा मार्कांच्या उत्तराला चार पानं भरणारे आपण.

एप्रिलमध्ये अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. मे महिन्यात, तिसाव्या दिवसाच्या जरा आधी, पाकीट आलं. आत एक कागद. ‘सदर गुन्ह्याचा तपास चालू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.’

तो कागद हातात घेऊन मी हॉस्टेलच्या जिन्यात बराच वेळ बसलो होतो. परीक्षा तोंडावर होती. ऑगस्ट जवळ येत होता. घरी सांगावंसं वाटेना.

पण नकार लेखी होता आणि लेखी नकाराला पुढची पायरी असते, हे याच कायद्याचं मोठेपण. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून ‘जोडपत्र ब’ म्हणजे पहिलं अपील, ठाण्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. आपल्या लायब्ररीत बसून मी ते कलम शब्दन् शब्द वाचलं. त्यात ‘तपास चालू असेल तर माहिती नाही’ असं लिहिलेलंच नाही. माहिती दिल्याने तपासात ‘अडथळा येत असेल’ तर नाही, असं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगत सिंग यांच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं. नुसता तपास चालू आहे हे कारण पुरत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. मी अपिलात लिहिलं की घटनास्थळ पंचनामा अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी पंचांसमक्ष झालेला आहे. तो मृताच्या वारसांनी वाचल्याने रस्ता बदलणार नाही, झाड हलणार नाही.

आणखी एक मुद्दा टाकला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ साली अपघाताच्या तपासाची नवी पद्धत आली आहे. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि पीडितांना त्यांचे हक्क सांगणारा छापील नमुनाही द्यायचा. १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना हे पाळायला सांगितलं. म्हणजे जे कागद मिळवायला आम्ही ठाण्याला प्रदक्षिणा घालत होतो ते न मागता पुढे जायला हवे होते! काकूला असला कुठलाच नमुना मिळालेला नव्हता. तेव्हा नव्वद दिवसही उलटून गेले होते.

जूनमध्ये सुनावणी झाली. अपील अधिकारी मॅडमनी अर्ज वाचला, ठाण्यातून आलेल्या कर्मचाऱ्यांकडे बघितलं आणि विचारलं, “पंचनामा द्यायला काय अडचण आहे?” उत्तर आलं नाही. मला विचारलं, “वकील आहेस का?” म्हटलं, “नाही मॅडम, सिव्हिल. फर्स्ट इयर.” त्या हसल्या. दोन्ही पंचनामे द्यावेत, साक्षीदारांचे जबाब देऊ नयेत, असा आदेश झाला. जबाबांबद्दल मला तक्रार नाही. ज्याने खरं सांगितलं त्याला उद्या गावातच राहायचं असतं.

जुलैच्या सुरुवातीला अकरा पानं मिळाली, बावीस रुपये. दहा, वीस आणि बावीस मिळून बावन्न रुपये कायद्याने घेतले. एस.टी.ने किती घेतले ते विचारू नका.

तोपर्यंत चार्जशीटही कोर्टात गेलं होतं. ते कळलं कसं? पुन्हा तोच नंबर. ई-कोर्टच्या साइटवर पक्षकाराचं नाव माहीत नसलं तरी ठाण्याचं नाव आणि एफ.आय.आर. नंबर टाकून खटला शोधता येतो. तिथे कोर्टाचा आर.सी.सी. नंबर मिळाला आणि त्याबरोबर सोळा अक्षर-आकड्यांचा सी.एन.आर. नंबर. देशात कुठल्याही तालुक्यातला खटला असो, त्या एका नंबरवर पुढची तारीख दिसते. रूम पार्टनर म्हणाला, “ही तर लिंक्ड लिस्ट झाली. प्रत्येक कागदात पुढच्या कागदाचा पत्ता!” प्रॅक्टिकलला न समजलेली लिंक्ड लिस्ट मला अशी समजली.

कोर्टातला कागद घेण्याची रीत मात्र वेगळी. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही. मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागायच्या आणि खटल्यात पक्षकार नसलेल्याने कारणही सांगायचं. तिथे या कामाला शब्द आहे ‘नक्कल’. आयुष्यभर नक्कल करू नको म्हणून मार खाल्लेल्या आमच्यासारख्यांना हा शब्द पाटीवर मोठ्या अक्षरांत बघून फार बरं वाटतं. नक्कल विभाग, नक्कल अर्ज, अर्जंट नक्कल. सगळं सरकारमान्य!

वकीलसाहेबांनी काकूच्या नावाने अर्ज तयार केला. मृताची पत्नी, भरपाईच्या दाव्यासाठी प्रती हव्यात. काकूने अंगठा लावला नाही, सही केली. तीन अक्षरं, पण सही. नवव्या दिवशी प्रती मिळाल्या. शेवटच्या पानामागे शिक्का आणि त्यात तारखा: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. मला वाटलं उगाच भरलेले रकाने. वकीलसाहेबांनी सांगितलं की निकालाविरुद्ध अपील करताना नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून या तारखा जपायच्या असतात. ऑफिसच्या काकांची पोच आणि कोर्टाचा हा शिक्का, दोन्ही एकाच घराण्यातले.

आणि हो, हेही तेव्हाच कळलं. चार्जशीटची संपूर्ण प्रत आरोपीला मोफत मिळते. मिळायलाच हवी, त्याला बचाव करायचा असतो. पण गेलेल्याच्या बायकोला मात्र अर्ज करून, फी भरून. नव्या संहितेत आता पीडितालाही, त्याचा वकील असेल तर, ही प्रत मोफत द्यायची तरतूद आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्या रविवारी घरी ओसरीवर सगळे कागद पसरले. आधी घटनास्थळाचा नकाशा. आपल्या ग्राफिक्सच्या सरांनी तो ‘रिपीट’ मारून परत केला असता. स्केल नाही, उत्तर दिशेचा बाण नाही, अंतरं पावलांत. पावलाला कुठलाही आय.एस. कोड नाही! पण पंचनाम्यात चतुःसीमा लिहिलेली होती. पूर्वेस आमच्या गावाकडे, पश्चिमेस बाजाराच्या गावाकडे जाणारा रस्ता, उत्तरेस बाभळ आणि शेत, दक्षिणेस ओढा. तिच्यावरून मी नकाशा फिरवून लावला. नाना पूर्वेकडे येत होते, म्हणजे त्यांची डावी बाजू उत्तरेची. मोटारसायकल पडली होती उत्तरेच्या साइडपट्टीवर, बाभळीपासून सहा पावलांवर. पिकअपच्या चाकांच्या घसरण्याच्या खुणा रस्त्याच्या उत्तरेकडच्या अर्ध्यात. नाना आपल्याच बाजूला होते.

मी दोनदा तपासलं. धाकट्या चुलतभावाने कागदावर बोट ठेवून तिसऱ्यांदा तपासलं.

मग शवविच्छेदन अहवाल. तो मी काकूसमोर वाचणार नव्हतो. ती म्हणाली, “वाच.” बाकी सगळं गाळलं आणि एक रकाना वाचला. जठरात अर्धवट पचलेलं अन्न, कोणताही विशिष्ट वास नाही.

काकू बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाकर असंल. निघताना बांधून दिली व्हती मी.”

ऑगस्टच्या आधी दावा दाखल झाला. अजून चालू आहे. तारखा पडतात, ई-कोर्टवर बघून मी घरी फोन करतो. काय निकाल लागेल ते न्यायाधिकरण ठरवेल. विमा कंपनीचंही म्हणणं असेल आणि ते ऐकलं जायलाच हवं. पण गावातल्या त्या दोन गोष्टी बंद झाल्या. काकूने कुणाला कागद दाखवत फिरायची गरज पडली नाही. पारावर एकदा विषय निघाला तेव्हा अकरावीतला भाऊ फक्त म्हणाला, “पंचनामा हाय आमच्याकडं, बगायचा का?” कुणी बघितला नाही.

मित्रांनो, एक इशाराही द्यायला हवा. कागद मागायचा हक्क आहे म्हणून कुणाच्याही घरातलं उकरायचा हक्क मिळत नाही. वर्गातल्या कुणाच्या घरी काय गुन्हा दाखल आहे हे गंमत म्हणून शोधणं म्हणजे ‘लोक म्हणतात’चीच नवी आवृत्ती. लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांची नावं कायदा लपवतो ते योग्यच आहे. माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने बदललं. तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला आणि आता दुसऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारणं कार्यालयांना सोपं झालं आहे. यावर वाद आहे. मला वाटतं, माणूस झाकला जावा पण कार्यालयाचं काम झाकलं जाऊ नये. या दोन्हींतली रेघ कुठे ओढायची हे पुढे आपल्यालाच ठरवावं लागणार आहे, कारण आपल्यातलेच काही जण उद्या एम.पी.एस.सी. होऊन त्या टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत.

त्यांना माझी एकच विनंती. समोर कुणी म्हातारी पदर धरून उभी राहिली आणि तिला नंबर माहीत नसला तर ‘नंबर घेऊन या’ म्हणू नका. नंबर तुमच्यासमोरच्या रजिस्टरमध्ये असतो. तारीख आणि गाव विचारा, पान उलटा आणि एका चिठ्ठीवर लिहून द्या. अर्धं काम तिथेच होतं.

आणि जे टेबलाच्या अलीकडे राहणार, म्हणजे आपण बाकीचे सगळे, त्यांच्यासाठी: ओळख शोधत बसू नका, आधी नंबर शोधा. तोंडाने मागू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. का म्हणून विचारू नका, कागदाचं नाव घेऊन मागा. नकार मिळाला तर तो लेखी घ्या. तपासाचे कागद ठाण्यात असतात, चार्जशीट गेलं की कोर्टात. आमच्याकडे हे आता एवढं पाठ झालं आहे की मागच्या दिवाळीत शेजारच्या वस्तीवरची एक बाई, तिचा मुलगा असाच रस्त्यावर गेलेला, काकूकडे आली होती. मी आत फराळ करत होतो. बाहेरून काकूचा आवाज आला, “आधी मला सांग बाई, गुन्हा रजिस्टर नंबर घेतलास का?”

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी